दहा टक्के उगवलेला पाय

४ जून, मंगळवार

घरपट्टी तिप्पट! बिल दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. नवी मोजणी झाली म्हणे. घर होतं तेवढंच आहे. दोघांच्या पेन्शनीत हे दरवर्षी झेपणार नाही.

यांना दाखवलं. "वाढलीय खरी," म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. अठरा वर्षं सैन्यात काढलेला माणूस, बिलापुढे माघार!

५ जून, बुधवार

कर कार्यालय. रांगेत सव्वा तास. खिडकीतल्या बाईने विचारलं, "घरात कोणी माजी सैनिक, अपंग वगैरे?"

"अपंग नाही," मी म्हटलं. "यांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, एवढंच."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "म्हणजे तेच ना, मॅडम."

सैनिकाला पन्नास टक्के अपंगत्व असलं की घरपट्टी पूर्ण माफ. नवा कृत्रिम पायही फुकट. यांचा आत्ताचा नऊ वर्षं जुना आहे, पट्टा झिजलाय. इतकी वर्षं आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. काही मागायला जायचं नाही, असं ठरलेलं होतं. मीच ठरवलेलं.

६ जून, गुरुवार

फॉर्म भरला. काळी शाई, खाडाखोड नाही. एकतीस वर्षं शाळेत मुलींना कवायत शिकवली, हजेरीपटावर एकदाही खाडाखोड केली नाही. या वयात सुरुवात करणार नाही.

रकाना सात – कठडे, खालच्या मजल्यावर न्हाणीघर अशा सोयींसाठी अनुदान हवे आहे काय? लिहिलं, 'गरज नाही'. झोपायची खोली वर आहे, सतरा पायऱ्या. हे दिवसातून चारदा चढतात-उतरतात.

सही करताना यांचं बोट रकाना सातवर थांबलं. "काय?" म्हटलं. "कुठे काय," म्हणाले आणि सही केली.

८ जून, शनिवार

हे नेहमीप्रमाणे सातला फिरायला गेले. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी गॅलरीतून पाहते. चाल उत्तम.

११ जून, मंगळवार

वैद्यकीय मंडळ. यांचा जुना दाखला पन्नास टक्क्यांचा आहे, पण नियमाने पुन्हा तपासणी. मंडळ दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. अपंगांची तपासणी दुसऱ्या मजल्यावर! शिपायाला झापलं. तो म्हणाला, "ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डॉक्टर खाली येतात, बाई."

मग काय, आम्ही चढलो. पहिल्या वळणावर यांचा हात कठड्याकडे गेला. मी सवयीने म्हटलं, "ताठ." हात खाली आला.

वर दाराशी डॉक्टर उभे. तरुण, हसरे. "वा काका! इतका ताठ तर मीसुद्धा चढत नाही!" हे खूश. खरं सांगायचं तर मीही.

पाव तासात दाखला हातात. न वाचता मी कागद घेत नाही, म्हणून तिथेच वाचला. चाळीस टक्के.

"डॉक्टर," मी म्हटलं, "पाय होता तेवढाच गेलेला आहे. दहा टक्के कुठून उगवला?"

"आम्ही कार्यक्षमता बघतो, बाई. काकांची फारच छान आहे."

१२ जून, बुधवार

खिडकीतल्या बाईने फॉर्म परत दिला. चाळीस चालत नाही. फेरतपासणी एकदाच मागता येते. मागितली. तारीख पोस्टाने कळेल.

१४ जून, शुक्रवार

लेकीचा फोन. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "आई, जिन्यात तू 'ताठ' म्हणालीस का?"

"म्हणाले."

"बाबांना दे."

बाबा गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तिला तसं सांगितलं नाही.

१७ जून, सोमवार

यांचे पलटणीतले दोस्त टोपीवाले आले. टोपी अंघोळीलाही उतरवत नसावेत.

"वहिनी, चूक तुमची! माझी हाताची दोन बोटं गेली, आणि तपासणीला मी लंगडत गेलो. सगळं माफ!"

खोटं मला चालत नाही, असं बजावलं.

"खोटं कसलं? पाय गेलाय ना त्याचा? मग जरा कळू द्या की लोकांना!" असं म्हणून यांना हॉलमध्ये लंगडायला लावलं.

हे लंगडले. उजव्या पायाने!

टोपीवाले सोफ्यावर आडवे. "अरे शहाण्या, तो तुझा स्वतःचा पाय! नकली कुठला, विसरलास होय?" मलाही हसू आवरेना.

हे हसले नाहीत. म्हणाले, "डाव्याने लंगडायची या घरात सवय नाही."

१९ जून, बुधवार

पोस्ट नाही.

२१ जून, शुक्रवार

टपालपेटीची किल्ली कुलपातच मोडली. कोपऱ्यापलीकडच्या किल्लीवाल्याकडे गेले. एरवी त्या बाजूला माझं जाणं होत नाही, बाजार उलट्या दिशेला.

पत्ता सांगितला तसा तो म्हणाला, "म्हणजे काकांच्या घरच्या तुम्ही! बरं झालं आलात." दारामागून एक काठी काढून माझ्यापुढे धरली. "खालचं रबर पार झिजलं होतं. नवं बसवलंय, सांगा त्यांना."

मी म्हटलं, आमच्या घरी काठी नाही.

"घरी नाहीच. इथेच असते. सकाळी आले की घेतात, परत जाताना ठेवून जातात."

"किती दिवस?"

"मी टपरी घेतली त्याला बारा वर्षं झाली. आधीच्या मालकाने टपरीबरोबर काठीही सोपवली. म्हणाला, हिला हलवू नकोस, गिऱ्हाइकाची आहे."

काठी हातात घेतली. मूठ गुळगुळीत, अंगठा बसतो तिथे चक्क खळगा पडलाय. परत दिली. मी येऊन गेल्याचं त्यांना सांगू नका, म्हटलं. निघाले ती किल्ली तिथेच विसरून. पुन्हा जावं लागलं.

आज सकाळीही हे सातला गेले होते, आठला आले. शेवटची शंभर पावलं गॅलरीतून दिसतात. ताठ.

पाय गेला तेव्हा हे चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. माणसं यायची, चुकचुकायची, चहा पिऊन जायची. एके दिवशी मी शाळेची शिट्टी उशाशी वाजवली. "उठा. या घरात लंगडायचं नाही." उठले. चालायला लागले. ते चुकलं, असं मला आजही वाटत नाही.

पण कवायतीत 'सावधान'नंतर 'विश्राम' म्हणावं लागतं. मुली चक्कर येऊन पडतात नाहीतर. शाळेत कधी विसरले नाही. घरी तो हुकूम द्यायचा राहिला. चौतीस वर्षं.

२५ जून, मंगळवार

तारीख आली. २ जुलै. यांना फक्त तारीख सांगितली.

१ जुलै, सोमवार

टोपीवाल्यांचा फोन. "वहिनी, सराव झाला का त्याचा?" म्हटलं, झालाय. बरीच वर्षं चालू आहे.

२ जुलै, मंगळवार

दोघं निघालो. कोपऱ्यावर वळल्यावर हे टपरीकडे न बघता पुढे चालले. मी थांबले. किल्लीवाल्यापुढे हात केला, काठी घेतली, यांच्या हातात दिली.

शिपायाला सांगितलं, डॉक्टरांना खाली बोलवा. तेच आले, हसरे. "जिना चढताना दुखतं का हो काका?"

यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

"रोज," हे म्हणाले.

टक्के आठवड्याने कळतील. घरी येऊन फॉर्म काढला. रकाना सात. 'गरज नाही' खोडलं. खाडाखोड दिसते आहे. दिसू दे.