अर्ध्या कपाएवढा कॅमेरा

३ ऑक्टोबर, मंगळवार

आजही नाही! सलग अकरावा दिवस. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलंय — रोज अर्धा तास चालायचं, कंपवातात बसून राहिलं की पाय आखडतात. आणि स्वारी खिडकीशी, खुर्चीत. "कशाला जायचं? काय काम आहे बाहेर?" काम! खरंच, हा माणूस नुसता फिरायला म्हणून कधी घराबाहेर पडलेला मला आठवत नाही. खांद्याला कॅमेरा अडकवला की निघाले. आता खांद्याला काही नाही, म्हणून निघणं नाही.

आज मी चिडून एकटीच एक चक्कर मारून आले. आल्यावर विचारलं नाही यांनी, कुठे गेली होतीस म्हणून. ते जास्त लागलं.

५ ऑक्टोबर

माळ्यावरून जुना कॅमेरा उतरवला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. भिंगासकट पावणेदोन किलो! गेल्या वर्षी भाचीच्या बाळाचा फोटो काढताना हाच यांच्या हातातून सुटला. बाळाच्या पायापासून चार बोटांच्या अंतरावर पडला. यांनी उचलला, पिशवीत घातला, चेन ओढली. महिन्याभरात स्टुडिओही आवरला. पस्तीस वर्षांचा स्टुडिओ, आठ दिवसांत रिकामा.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून जन्म काढलाय, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून गेले चार दिवस निरीक्षण करतेय. भरलेला चहाचा कप हे दोन्ही हातांनी धरतात. अर्धा असला की एका हातानं, अगदी आरामात. यांच्या त्या जाडजूड मोठ्या कपाचं, अर्ध्या चहासकट, वजन केलं — चारशे सत्तर ग्रॅम.

म्हणजे कॅमेरा हवा तो चारशे सत्तरच्या आत. हलका असतो तो आरसा नसलेला, मिररलेस म्हणतात. नवा परवडायचा नाही. जुना बघायचा. यांना पत्ता लागू द्यायचा नाही!

७ ऑक्टोबर

शेजारीण आली होती. तिनं लग्नांतल्या गमतीजमती काढायला लावल्या आणि स्वारी चक्क बोलती झाली! रोलच्या काळात प्रत्येक लग्नात एक तरी हौशी काका असायचाच — माझा एक काढा, आता सूनबाईंबरोबर काढा, आता नुसता काढा. रोल तर मोजका. मग हे मोठ्यानं म्हणायचे "हसा!" आणि नुसता फ्लॅश उडवायचे. आत काही उमटायचंच नाही. काका खूश, रोल शाबूत. याला हे 'कोरा फ्लॅश' म्हणत. "पाप नाही ते," शेजारणीला सांगत होते, "माणसाचं मन राखायचं असतं."

खरा फोटो असला की मात्र "हसा" कधीच नाही. हळू आवाजात एवढंच — "श्वास सोडा." श्वास सुटला की चेहरा आपल्या जागी येतो म्हणे. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला मी यांच्याकडे गेले होते, तेव्हा मलाही तेच म्हणाले होते. तो श्वास मी अजून पुरता सोडलेला नाही!

१० ऑक्टोबर

दातांच्या डॉक्टरकडे जाते अशी थाप मारून जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. मालकीण स्वतःच दुरुस्ती करते. अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचलेला, नाकावर भिंग. मी पर्समधून काटा काढून काउंटरवर ठेवला तेव्हा तिनं भिंग वर केलं. "बाई, इथे भाजी मिळत नाही."

तीन कॅमेरे दाखवले. पहिला हलका, पिसासारखा. मी घेतलाच होता! पण त्याला डोळा लावायची खिडकी नव्हती, हात लांब करून मागच्या पडद्यावर बघायचं. हात लांब केला की यांचा हात दुप्पट थरथरतो. कोपर बरगडीला आणि कॅमेरा कपाळाला टेकलेला हवा, तसेच तर उभे राहायचे. तो बाद.

दुसऱ्याला खिडकी होती, पण भिंग लावल्यावर काटा सातशेवर. बाद.

तिसरा ठोके खाल्लेला, कडांचा रंग उडालेला. पण खिडकी होती, आणि आत काहीतरी अशी सोय की हात हलला तर फोटोचा पडदा आतल्या आत तोल सावरतो. छोटं चपटं भिंग. चारशे साठ! मी डोळे मिटले, यांचा उजवा हात आठवला आणि आपला हात तसा हलवून भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला. मालकीण घाबरली. "बरं वाटत नाहीये का?" म्हटलं, मला नाही, यांना.

मग तिनं भिंग काढून ठेवलं. कॅमेरा घेतला आणि स्वतः हात थरथरवून एक फोटो काढला. मग मी. मग ती. दोन पोक्त बायका कॅलेंडरसमोर थरथरतायत! तारखा वाचता येत होत्या. सगळ्याच नाही. बऱ्याच.

तिनं कॅमेऱ्यातलं आपलं कार्ड काढून घेतलं, मला नवीन दिलं पाकिटात घालून, बटण थोडं घट्टही करून दिलं. चुकून दाबलं जायचं नाही आता.

११ ऑक्टोबर

कॅमेरा डाळीच्या डब्यामागे. चिडले तर? "मी काय लहान मूल आहे, खेळणं आणलंस?" असं म्हणाले तर मी काय म्हणू?

१४ ऑक्टोबर

दिला. चहाबरोबर, अर्ध्या कपाच्या शेजारी ठेवला.

यांनी आधी चहा संपवला. मग कॅमेरा उचलला. उलटा केला, भिंग काढलं, उजेडाकडे धरून आत बुरशी आहे का ते बघितलं. कडांवरून अंगठा फिरवला. "कुणीतरी खूप वापरलाय," म्हणाले. "चांगला वापरलाय." आणि मग, "तुला फसवलं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी उगाच भांडी घासत बसले.

१५ ऑक्टोबर

चपला घातल्या!! आपणहून!!

१९ ऑक्टोबर

रोज जातोय. बागेच्या कुंपणापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. हे दर दहा पावलांवर थांबतात — सायकलचं चाक, भिंतीवर वाळणारा स्वेटर, चांभाराच्या पाठीमागची खिडकी. आज मलाही उभं केलं. "हस जरा." मी हसले. साठी उलटलेली बाई भर रस्त्यात दात दाखवून उभी! जाणारे-येणारे बघत होते. बघोत.

२३ ऑक्टोबर

पस्तीस मिनिटं. डॉक्टरीणबाईंनी पाय वाकवून बघितले आणि मला विचारलं, काय जादू केलीत. मी म्हटलं, अर्धा कप.

फोटो मात्र दाखवत नाहीत. मागितले तर म्हणाले, "रोल संपल्याशिवाय धुवायचा नसतो." अहो, रोल कुठला यात? "साठू दे. मग एकदम बघू." जुनी खोड. मीही हट्ट धरला नाही. हललेले असतील तर मला कशाला बघायचेत? रोज पाच-सहा वेळा "हस" म्हणतात, मी हसते. गाल दुखतात माझे!

२ नोव्हेंबर

चष्म्याची पावती शोधत होते. पर्सच्या आतल्या कप्प्यात दुकानातलं पाकीट. पाकिटात कार्ड. सील फोडलेलं नाही.

ज्यावर फोटो उमटतात ते कार्ड. मी दिलंच नाही! जन्मभर पोरांना प्रयोगाआधी साहित्य तपासा म्हणून सांगणारी मी!

हे आंघोळीला गेल्यावर कॅमेरा उघडला. खाच रिकामी. चालू केला तर पडद्यावर लाल अक्षरं — कार्ड नाही. पस्तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला ती दिसली नसतील? अठरा दिवस, दर दहा पावलांवर?

पहिल्यांदा रागच आला. भयंकर. मग कळलं. "हस जरा." एकदाही दुसरं काही म्हणाले नाहीत. मी समजत होते, मी आमिष लावलंय आणि यांना चालवतेय. आणि हे मला फिरवत होते! फोटो हललेला निघेल ही यांची भीती, तो मला बघावा लागेल ही त्याहून मोठी. कार्ड मागितलं असतं तर दोन्ही खरं झालं असतं. न मागता रोज चपला घालायच्या, थांबायचं, बटण दाबायचं. लग्नातला हौशी काका म्हणजे मीच की!

काहीच बोलायचं नाही असं ठरवलं. हे बाहेर यायच्या आत कार्ड खाचेत सरकवलं आणि कॅमेरा होता तसा ठेवला.

दुपारभर पाऊस, म्हणून फिरणं नाही. भाजी खारट झाली. यांनी मुकाट्यानं खाल्ली.

३ नोव्हेंबर

टाकीपाशी थांबले. कॅमेरा चालू केला. पडद्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी टाकीकडे बघितलं. कोपर बरगडीला लावलं, कॅमेरा कपाळाला टेकवला. हात थरथरतच होता. मी आपली हसायला तयार.

"श्वास सोड," म्हणाले.