नव्या बेअरिंगची सायकल

॥ श्री ॥

देवपूर, धुळे
दि. १७ ऑक्टोबर १९८७

ती. स्व. नानांस,
धाकटा पितांबर याचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. आबांची सायकल आज सकाळच्या जळगाव गाडीच्या टपावर चढवली आहे. कंडक्टर हिलाल पाटील ओळखीचे आहेत, एरंडोलला स्वतः वर चढून उतरवून देतो म्हणाले. तुमची दिवाळी ते आखाजी आता सुरू झाली, माझी आखाजी ते दिवाळी संपली. वाटणीच्या वेळी आबांनी घर, मळा, भांडीकुंडी सगळ्याचे दोन भाग केले आणि सायकलीपाशी येऊन अडले. शेवटी दोघा भावांनी दिवाळी आणि अक्षय्य तृतीयेला पाळी बदलून सहा-सहा महिने वापरावी असे सांगून मोकळे झाले. इतक्या वर्षांत एकदाही पाळी चुकली नाही, हे कोणाला सांगितले की लता कपाळाला हात लावते.

या खेपेला मी तिचा कायापालट केला आहे, ओळखू आली नाही तर रागावू नका. मी आयटीआयमध्ये पोरांना नवी यंत्रे शिकवायची आणि थोरल्या भावाने आबांच्या काळचे लोखंडी धूड ओढायचे, हे मनाला पटेना. तो वर उचललेला जुना हँडल काढून सरळ आणि हलका बसवला. मागचे दोन पायांचे स्टँड काढले, बाजूचे एका पायाचे लावले. चेनकव्हर आणि कॅरिअर गेले. सीट नवी, पायडलचे रबर नवे, टायर नवे. अन्वर पेंटरने मडगार्डावर सोनेरी रेघ एका दमात ओढून दिली. आता ती एका हाताने उचलता येते. पद्मालयाच्या गणपतीच्या वाटेवर तुम्ही मला पुढच्या दांडीवर बसवून न्यायचात आणि चढ आला की उतरून ढकलायचात, ते आठवते ना? आता बसल्या बसल्या चढाल. येत्या चतुर्थीला करून बघा.

वहिनींना नमस्कार. सायकल हलकी झाली तरी लोभ मात्र पूर्वीसारखा जडच असू द्यावा.

आपला,
पितांबर


एरंडोल
दि. ६ नोव्हेंबर १९८७

चि. पितांबर यास,
शालिग्रामचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सायकल पोचली. रेघ सुरेख आहे, अन्वरला माझी शाबासकी सांग. बाकी तू जे केले आहेस त्याला कायापालट म्हणत नाहीत, उपासमार म्हणतात. अंगावर मांस म्हणून ठेवले नाहीस. कापड दुकानदार रतिलालने विचारले की ही कोणाच्या पोराची उचलून आणली. एका पायावर बगळ्यासारखी उभी राहते आणि वारा आला की पडते. तुमच्या देवपुरात वारा नसेल, आमच्याकडे आहे.

तरी जुना हँडल आणि ते दोन पायांचे जड स्टँड, दोन्ही मिळेल त्या गाडीने पाठव. भंगारात घातले नसशील अशी आशा आहे. कशाला पाहिजे ते विचारू नकोस. माणसाला सवय असते, एवढेच.

जिनिंगमधून रिटायर झालो तरी माझा सकाळचा नेम मोडलेला नाही. अंजनी नदीच्या पुलापर्यंत जातो, येताना रतिलालच्या ओट्यावर टेकतो, पेपर वाचतो, गावाचे चार शब्द कानावर घालून घरी येतो. पद्मालयाला यंदा गेलो नाही, गर्दी फार होती म्हणतात. तब्येत म्हणशील तर बठ्ठं बेस शे.

सौ. लता व मुलांना आशीर्वाद. पत्र लिहिताना आळस करू नये.

तुझा,
शालिग्राम


एरंडोल
दि. १५ एप्रिल १९८८

चि. पितांबर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आखाजी तोंडावर आली. नियमाप्रमाणे सायकल आज दुपारच्या धुळे गाडीने पाठवत आहे. उतरवून घ्यावी. हँडल आणि स्टँड पाठवतो, परीक्षा संपू दे, वर्कशॉप रिकामे होऊ दे, असे म्हणत तू सहा महिने काढलेस. आता तुझ्या पाळीत बसून ते काम कर.

माझी चिंता करू नये. उन्हाळ्यात माणसाने घरातच बसलेले बरे. तुझ्या वहिनीने सांडगे दिले आहेत, ते कॅरिअर नसल्यामुळे हँडलला टांगले आहेत.

आशीर्वाद आहेतच.

शालिग्राम


देवपूर, धुळे
दि. २४ एप्रिल १९८८

ती. सौ. वहिनींस,
पितांबरचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावाने टाकतो आहे. नानांना दाखवू नका. सांडगे पोचले, लताने त्याच दिवशी तळले.

वहिनी, मी काल सायकल खोलायला बसलो आणि हातातला पाना तसाच राहिला. दिवाळीला मी नवी सीट घातली होती. तिच्यावर सहा महिने बसले की कातडे माणसाचा आकार घेते. या सीटवर एक सुरकुती नाही, नुसती धूळ. फक्त पुढच्या टोकाला तळहाताएवढा डाग आहे, घामाने काळा पडलेला. पायडलच्या रबराची कोरी टोके तशीच्या तशी आहेत. चेन गंजून काठीसारखी ताठ झाली आहे. म्हणजे सायकल कोणी चालवलीच नाही असे वाटावे. पण टायर बघावेत तर झिजलेले! डावी मूठ झिजून गुळगुळीत. आणि डाव्या पायडलच्या खाचेत धोतराचे धागे.

चेन न फिरता चाके इतकी फिरतात ती एकाच रीतीने. कोणीतरी डावीकडून चालत, एक हात हँडलवर आणि एक सीटच्या टोकावर ठेवून, तिला रोज नेत होते. नाना सायकल चालवत नाहीत ना? तिला धरून चालतात ना? मला खरे काय ते कळवा.

उत्तराची वाट पाहतो. माया असू द्यावी.

तुमचा,
पितांबर


एरंडोल
दि. २ मे १९८८

चि. पितांबरभाऊ यांस,
झुंबरबाईचा आशीर्वाद.

भाऊ, तुम्ही ओळखलेत ते बरे झाले. माझ्या तोंडून निघू नये म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती. आता तुम्हीच सांगितलेत, मी फक्त हो म्हणते, म्हणजे शपथ मोडली नाही.

मागच्या पावसाळ्यापासून त्यांच्या पायांतला जोर जात चालला आहे. जळगावच्या डॉक्टरांनी पाठीतली शीर दबली आहे असे सांगितले, गोळ्या दिल्या आणि काठी घ्या म्हणाले. घरी आल्यावर हे म्हणाले, मी काय म्हातारा व्हई गऊ का. मी काठी आणली ती त्यांनी वाळवणाच्या दोरीला टेका म्हणून लावली. दिवाळीला सायकल आली तशी तिला धरून बाहेर पडायला लागले. रस्त्यात कोणी विचारले की पंक्चर आहे, नाहीतर हवा कमी आहे, असे सांगायचे. सायकल हातात आहे तोवर माणूस चालता-फिरता आहे असे लोक समजतात, असे त्यांचे म्हणणे.

रागावू नका, पण लिहिते. दिवाळी सरताच पुलाजवळ त्यांनी जरा भार टाकला आणि ती हलकी सायकल त्यांच्यासकट आडवी झाली. गुडघा सोलला. डाव्या पायडलने उजव्या नडगीवर तर रोजचीच जखम, एक वाळते तोवर दुसरी. म्हणून जुने जड सामान मागत होते.

आता सायकल तुमच्याकडे गेली आणि हे घरात. आखाजीला मी खापरावर पुरणाच्या पोळ्या केल्या, अर्धी खाल्ली. पेपर कोणीतरी आणून देतो तर वाचत नाहीत, रतिलालच्या ओट्यावरच त्याला चव आहे म्हणतात. सायकल परत मागवा म्हटले तर ओरडले की पाळी पितांबरची आहे, आबांचा शब्द आहे, मला भीक नको. सहा महिने असे बसले तर पाय कायमचे जातील, असे डॉक्टर बोलले आहेत. मी काय करू ते तुम्ही सांगा.

लताबाईला आठवण सांगा. घरच्यांसारखी आठवण ठेवता तशीच ठेवा.

झुंबरबाई


देवपूर, धुळे
दि. २१ मे १९८८

ती. स्व. नानांस,
पितांबरचा सा. न. वि. वि.

एका कामासाठी तुम्हाला त्रास देतो आहे. काम माझे आहे, सायकलही सध्या माझ्या पाळीची आहे, तेव्हा यात तुमच्यावर उपकार वगैरे काही नाही. उलट तुम्हीच माझ्यावर करायचा आहे.

तुम्ही म्हणालात ते खरे होते. हलकी करून मी तिचा सत्यानाश केला, याचे मला फार वाईट वाटले. जुना हँडल परत बसवला, आणखी दोन बोटे वर उचलून. स्टँड दोन पायांचे. कॅरिअर नवे, जाड सळईचे, त्यावर वर्कशॉपमध्ये केलेली लोखंडी पेटी पक्की जोडली आहे. जड आहे, पण पेपर, भाजी त्यात राहील. ब्रेकला एक खटका केला आहे, तो लावला की चाक जागचे हलत नाही, मग सायकल वाऱ्याला दाद देत नाही. डावे पायडल आत दुमडते. हा माझा नवा प्रयोग आहे, अरुंद दारातून सायकल आत घेताना बरे पडते.

आता मुख्य अडचण. दोन्ही चाकांत मी नवे बेअरिंग घातले आहेत. त्यांच्या गोळ्या नीट बसायला वेळ लागतो. तोपर्यंत वर कोणी बसायचे नाही, बसले तर गोळ्यांना खड्डे पडतात. रोज हाताने धरून, सावकाश, सपाट रस्त्यावरून फिरवावी लागते. पुलापर्यंत जाऊन येण्याइतके अंतर पुरे. मला सकाळी वर्कशॉप, संध्याकाळी शिकवण्या, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती देण्याचा धीर होत नाही. माझ्या पाळीतले हे काम तुम्ही करून द्याल का? घाई करू नये. मध्ये मध्ये थांबावे, बेअरिंग गार होऊ द्यावेत.

उद्याच्या गाडीने पाठवतो. नाही म्हणू नये. लहानपणी पुढच्या दांडीवर बसवून ज्याला मिरवले त्याच्यावरचा लोभ आटू देऊ नये.

आपला,
पितांबर


एरंडोल
दि. ३ जून १९८८

चि. पितांबर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सायकल मिळाली. रतिलालच्या दुकानातल्या गड्याने एसटी स्टँडवरून आणून दिली. काम तुझे, तू पडलास सदा घाईत, तेव्हा करणे भाग आहे. कालपासून सुरुवात केली. वर बसत नाही. पायडल चांगले दुमडते. पेटी जड आहे ते बरे आहे.

रतिलालने विचारले. मी सांगितले की धाकट्याने नवे बेअरिंग घातले आहेत, वर बसायचे नाही. त्याला पटले. शाळेच्या हेडमास्तरांनाही पटले, ते म्हणाले की स्कूटरचेही पहिले काही दिवस असेच असते. सूचनेप्रमाणे मध्ये मध्ये थांबतो.

तुझ्या वहिनीने उगीच तुला पत्रे लिहिण्यात वेळ घालवू नये असे मी तिला सांगितले आहे. ती हसली. का ते कळले नाही.

शालिग्राम


एरंडोल
दि. २८ ऑक्टोबर १९८८

चि. पितांबर यास,
शालिग्रामचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळी जवळ आली. आता नियमाप्रमाणे पाळी माझी. सायकल इथेच असल्यामुळे तुला पाठवण्याचा त्रास नाही. उन्हाळ्यापासून एक दिवस खाडा केलेला नाही, पाऊस धरून. डॉक्टरांनी परवा पाय तपासले आणि जोर होता तेवढा टिकून आहे म्हणाले. काय करता, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, भावाच्या सायकलीचे बेअरिंग बसवतो.

पितांबर, मी ही सायकल तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखतो. तिचे बेअरिंग आबांनी बदलले तेव्हा गोळ्यांना वंगण लावून देणारा मी होतो. दुपारी बदलले आणि संध्याकाळी आबा तिच्यावर बसून धरणगावच्या बाजाराला गेले, मागे धान्याचे पोते बांधून. तेव्हा तुझ्या पत्रातला बेअरिंगचा परिच्छेद वाचतानाच मला सगळे कळले होते. पत्र बाजूला ठेवले आणि तुझ्या वहिनीला चहा टाकायला सांगितले, कारण डोळ्यांना काहीतरी झाले होते.

भीक घ्यायची नाही असे मी ठरवले होते. तू भीक दिली नाहीस, काम दिलेस. एवढे शहाणपण तुला आयटीआयने शिकवले नसणार.

आखाजीला सायकल तुझ्याकडे पाठवायची, आबांचा शब्द मोडायचा नाही. मात्र तेव्हा बेअरिंग पुन्हा बदलावे लागतील, असे माझे मत आहे. तू बघून घे.

भाऊबीज झाल्यावर सगळे इकडे या. लताला आणि मुलांना बसने पाठव, तू तुझी वर्कशॉपला जायची सायकल टपावर टाकून आण. सकाळी तू आणि मी पुलापर्यंत जाऊ. तू वर बसून माझ्या पुढे निघून जाशील आणि मग वळून थांबशील, ते मला नको. चालत येशील. लोक विचारतील, तर काळजी करू नकोस. तुझ्याही सायकलीला नवे बेअरिंग घातले आहेत, असे मी रतिलालच्या ओट्यावर सांगून ठेवले आहे.

वाट पाहतो. आशीर्वाद आहेत, ते घ्यायला ये.

तुझा,
शालिग्राम