घरामागचा हौद

अण्णा, माझं सगळं बदललं ते एका वाक्यानं, आणि ते वाक्य माझंच होतं. नगरच्या कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून वर्गातली एक मुलगी मैत्रिणींना सांगत होती की पुणं सुटल्याचं तिला काही वाटत नाही, फक्त पोहणं सुटलं. वडिलांची बदली झाली म्हणून ती नगरला आलेली. तिकडे रोज सकाळी तलावावर जायची म्हणे. "या जिल्ह्यात पोहायला कुठं काही आहे का," ती म्हणाली. मला कुणी विचारलं नव्हतं. मी दोन पायऱ्या खाली बसलो होतो आणि तोंडातून निघून गेलं, "आमच्याकडं आहे की. घरामागं." ती वळली. वर्षभर मी तिच्याकडं बघत होतो. तिनं माझ्याकडं बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. "किती मोठा?" तिनं विचारलं. "लई खोल आहे," मी म्हणालो. "खोल नाही विचारलं. लांब किती?" आता लांबीचं काय सांगू? आपल्याकडं पाणी कधी लांबीनं मोजलंय का कुणी? विहीर किती खोल, एवढंच आपण विचारतो. मी दोन्ही हात हवेत पसरून काहीतरी दाखवलं. ती हसली. म्हणाली, "येईन एकदा बघायला."

घरामागं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एक बाभळ, आणि बाभळीखाली तुमची चुना मळायची घाणी. तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होतो. तेव्हापासून ते दगडी चाक तिथंच आडवं पडलेलं, कोंबड्यांना बसायला. मी महिन्याभरात ट्रंक घेऊन गावाकडं आलो. आई चुलीपुढं होती. "सुट्टी हाय व्हय?" तिनं विचारलं. "सुट्टी नाही. सोडलं कॉलेज." ती भाकरी थापत राहिली. "का सोडलं?" "हौद बांधायचाय. पोहायचा." "पव्हायला इहिरी कमी पडल्या का तुला?" "आपली एक तरी आहे का त्यात?" मी म्हणालो. तिनं भाकरी तव्यावर टाकली, आणि ती करपेपर्यंत उलटली नाही.

मी आईला लागेल असं बोललो हे मला कळत होतं. पण खोटं काय बोललो? जामखेडपासून खर्ड्यापर्यंत विचारलं तर निम्म्या मळ्यांतल्या विहिरी तुमच्या हातच्या निघतील. आणि माझ्या आठवणीत आई गावाच्या आडाजवळ बाजूला उभी राहायची, कुणी आपल्या हातानं तिच्या घागरीत पाणी ओतील तेव्हा घेऊन यायची. मला मालकांच्या मळ्यातली ती विहीर आठवते. मालक म्हणजे तेच, सगळं गाव ज्यांना मालक म्हणतं. काम चालू होतं तोवर आपण तिच्यात उतरत होतो, तिचंच पाणी पीत होतो. त्याच पाण्यात तुम्ही माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधून मला ढकलून दिलं होतं आणि मी ओरडलो तेव्हा वरून म्हणाला होतात, "वरडू नगंस, हात मार." मग बांधकाम संपलं, पूजा झाली, नारळ फुटला, तुम्हाला मालकांनी फेटा दिला. दुसऱ्या दिवशी आपण अवजारं आणायला गेलो. मी नेहमीसारखा पायऱ्या उतरायला लागलो, आणि तुम्ही माझं बखोट धरून मला मागं ओढलं. "आता न्हाई उतरायचं." "काल तर उतरलो की." "काल काम चालू हुतं," तुम्ही म्हणालात. मालक काठावर उभे होते. माणूस वाईट नव्हता. गड्याला म्हणाले, "पोराला पानी वाढ." गड्यानं वरून कळशी तिरकी केली. आधी तुम्ही ओंजळ धरली, मग मी. तुम्ही पिताय आणि पाणी तुमच्या कोपरावरून गळून मातीत जातंय, हे मला आत्ताही समोर दिसतं. वाटेत मी विचारलं की तुम्हाला राग कसा येत नाही. तुम्ही म्हणालात, "रागानं चुना बिघडतो." मला तेव्हा ते पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. माझा सगळा चुना रागावरच मळलाय, अण्णा, आणि त्याला आजपर्यंत तडा नाही.

चुन्यावर मी आलो तो सिमेंट मिळेना म्हणून. सिमेंटला परमिट लागतं. जामखेडला कचेरीत गेलो तर कारकुनानं विचारलं, कशासाठी हवंय. मी सांगितलं, पोहायच्या हौदासाठी. त्यानं पेन ठेवलं आणि आतल्या खोलीतल्या दोघांना हाक मारली. "अहो, या इकडं. हे काय म्हणतायत ऐका." मग मला म्हणाला, "राजे, अजून एकदा सांगा, यांना ऐकायचंय." मी टेबलावर हात आपटला आणि निघून आलो. घरी येऊन त्याच तिरमिरीत चाकावरच्या कोंबड्या हाकलल्या. आई दारात उभी राहून बघत होती. "एकट्याच्यानं व्हायचं न्हाई त्ये," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मामाकडं जाऊन त्याचा म्हातारा बैल घेऊन आली. तुम्ही होतात तेव्हा कितीतरी वर्षं तीच घाणीवर बैल हाकायची, तिचं अंग ते काम विसरलेलं नव्हतं. कळीचा चुना विरवला, वाळू चाळली, गुळाचं पाणी केलं, बेलफळं फोडून भिजत घातली. चाक फिरायला लागलं की तो करकर आवाज सगळ्या आळीत जायचा. शेजारची म्हातारी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "मला वाटलं मिस्तरी आलं परत." आईनं पदर तोंडाला लावला, पण बैल थांबवला नाही.

खणलं मात्र मी एकट्यानं. वर मुरूम होता, खाली कातळ. पहारीनं हाताची सालं निघायची आणि मी त्या पुण्याच्या मुलीशी मनातल्या मनात बोलत खणायचो. कधी गोड बोलायचो, कधी भांडायचो. मी कॉलेज सोडलं तेव्हा तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं, त्याचंही भांडण असायचं. आणि मग एक दिवस ती खरंच आली. कॉलेजची सहल खर्ड्याचा किल्ला बघायला आलेली. तिथून ती एका मैत्रिणीला घेऊन, विचारत विचारत आपल्या घरी पोचली. मी खड्ड्यात होतो, उघडाबंब, मुरमानं माखलेला. वर बघितलं तर तिचं डोकं. "हा तुझा तलाव?" "व्हतोय अजून," मी म्हणालो. तिच्यासमोर माझं कॉलेजातलं मराठी नेहमी पळून जायचं. ती वाकून बघत राहिली. "यात पोहायचं की बुडायचं?" "का, काय झालं?" "अरे, ही विहीर आहे. चौकोनी विहीर. पोहायला लांब जावं लागतं, इथून तिथं. यात मी काय करू, गोल गोल फिरू?" माझं डोकं फिरलं. म्हणालो, आमी फिरतोच गोल, आमचं काय बिघडलं? ती म्हणाली, "मग मला कशाला सांगितलंस?" मी पहार परत उचलली. मग तिनं हळूच विचारलं, "खरं सांग, कॉलेज माझ्यासाठी सोडलंस?" "हौदासाठी सोडलं," मी म्हणालो. तिनं तो शब्द खरा धरला की नाही, कळलं नाही. जाताना म्हणाली, "पाणी भरलं की कळव. मी पोहायला येणार. शब्द पाळ." ती गेली त्या संध्याकाळीच मी दोरी लावली आणि बाभळीकडची बाजू खणायला घेतली. म्हणून आपला हौद लांबही आहे आणि खोलही. पुण्याच्या माणसाला चालेल आणि आपल्याही.

गिलावा तुमच्यासारखाच केला. एक थर पुरता वाळायच्या आत दुसरा द्यायचा, आणि शेवटचा गुळगुळीत दगडानं घोटायचा, तोंड दिसेपर्यंत. तोंड दिसलं, अण्णा. पण चुना महिनाभर ओला ठेवावा लागतो आणि त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आधीचं वर्षही तसंच गेलेलं. आई आणि मी लांबच्या ओढ्यात झरा उकरून खांद्यावर पाणी आणायचो, गोणपाटं भिजवून भिंतींना लावायचो, आणि रस्त्यानं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारी माणसं थांबून बघायची. "प्यायला पानी न्हाई आन ह्याचा हौद पितोय बघा." कुणी म्हणायचं, "आरं, कागदाच्या होड्या तरी सोड." मी अंगावर धावून जायचो, आई ओढून आणायची. दिवाळीपर्यंत आड आटला, मग मळ्यांतल्या विहिरी. मालकांचीसुद्धा. मी मुद्दाम जाऊन वाकून बघितलं. तळाला चिखल, पण तुमचा एक चिरा हललेला नव्हता.

मग सरकारी टँकर सुरू झाला. तो आडात पाणी सोडायचा, निम्मं भेगांतून जायचं आणि उरलेल्याचा गाळ व्हायचा. बाया कडेनं उतरून वाटीनं खरवडायच्या. एकीचा पाय घसरून हात मोडला. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक आपल्या दारात. "तुझ्या हौदात सोडू का पाणी? हौद तुझा, पाणी सरकारचं, बघ बाबा." मी हो म्हणालो. टँकरमागून टँकर आले. पाणी छातीला लागेल एवढं चढलं. वरून बांबूच्या तट्ट्या टाकल्या, पाचोळा आणि पाखरं पडू नयेत म्हणून. आठवड्याला ग्रामसेवकाकडून पावडर आणून टाकतो, पाण्याच्या रेषेवर शेवाळ धरलं तर नारळाच्या शेंडीनं पुसून काढतो, काठाला जरा जरी चुना सुटला की लगेच बोटानं भरतो. आई म्हणते, पोराच्या अंगाला एवढं तेल कुणी लावत न्हाई.

पहिल्या दिवशी फक्त आपल्या आळीच्या बाया आल्या. गावातल्या बाया कुंपणापलीकडं रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. पाणी सरकारचं असलं तरी हौद कुणाचा, हे सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मालक आले, बैलगाडीत पिंप आणि एक गडी घेऊन. आता लई म्हातारे झालेत. मी पोहरा घेऊन काठावर उभा. मी म्हणालो, "मालक, आधी पिऊन बघा. ओंजळ धरा." माझा आवाज मलाच चढा लागला. मागून आई म्हणाली, "आरं..." एवढंच. मालकांनी माझ्याकडं बघितलं. काठी काखेत धरली आणि ओंजळ पुढं केली. मी पोहरा तिरका केला. म्हातारा पीत होता आणि पाणी त्यांच्या कोपरावरून गळत होतं. पिऊन झालं तसे त्यांनी ओले हात तोंडावरून फिरवले. "चुन्याचा वास न्हाई येत," ते म्हणाले. "तुझ्या बापाच्या कामाला बी कधी यायचा न्हाई." मला वाटलं होतं या क्षणी मला लई बरं वाटेल. वाटलंही, खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्यांदा तसं करावंसं वाटलं नाही. मी पोहरा गड्याच्या हातात दिला. म्हणालो, "तुमच्या हातानं काढा." तेव्हापासून पोहरा काठावरच असतो. येईल तो आपल्या हातानं काढतो, ह्या आळीचा असो नाहीतर त्या. तुमच्या घरामागं, अण्णा. तुमच्या घाणीच्या चुन्यातून.

आता जे राहिलं ते सांगतो. ग्रामसेवकाला मी लगेच हो म्हणालो ते गावासाठी नव्हे. हौद एकदा भरलेला दिसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. टँकर गेला आणि मी तिला कार्ड टाकलं, पाणी भरलं, ये. गावात हे कुणाला माहीत नाही. तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणून तुम्हाला सांगतो. तिचं उत्तर आलं. आज दुपारच्या एसटीनं ती येतेय, पोहायचे कपडे घेऊन. सकाळी मी आईला म्हणालो, दुपारी उन्हाचं कुणी फिरकत नाही, तासभर तट्ट्या बाजूला केल्या तर कुणाला कळतंय? आई घागर घासत होती. म्हणाली, "मला कळंल की." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तिला जेवायला थांबव. हुलगं शिजवलेत."

तिला सांगायचं ते मी ठरवलंय. घरी आणून, काठावर उभी करून नाही सांगायचं. फाट्यावर, एसटीतून उतरल्या उतरल्या सांगायचं, म्हणजे तिला परतीच्या गाडीनं जायचं असेल तर जाता येईल. हौद तुझ्यासाठीच खणला, पण आज त्याचं पाणी लोकांच्या पोटात जातंय, म्हणून तुला त्यात उतरू देणार नाही. रागावली तर मी ऐकून घेईन. माझ्याच्यानं होईल का ते, बघू. पण "तुझ्यासाठीच" हा शब्द मी तिच्यापुढं आजवर उच्चारलेला नाही, आणि खरी भीती मला त्याच शब्दाची वाटतेय. हा कागद फळीवर तुमच्या फेट्याजवळ ठेवतो. ऊन लई आहे. दार ओढून फाट्यावर निघतो.