बाळंतिणीच्या खोलीची लाइन

सातारा, ता. ३ नोव्हेंबर १९४६

रा. रा. नाथाजी यांस,
सा. न. वि. वि.

आज पहाटे बैलगाडीने सातारा रोड स्टेशन गाठले. विजूला व लीलाबाईंना गाडीत बसवून दिले. घरी आलो तेव्हा ऊन उतरले होते. म्हशीची धार काढली, भात टाकला, जेवलो.

पोरीचे पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. श्रावणात तिची आई, तुमची आक्का, गेली, तेव्हा आता मामाचे घर तेच माहेर. तुम्ही होऊन तिला नेलेत, मला सांगावे लागले नाही.

लीलाबाई सांगत होत्या की सांगलीची वीज हल्ली संध्याकाळी जाते, म्हणून तुमच्या सूतिकागृहाने पलटणीच्या लिलावातून जनरेटर घेतला आहे. मी पलटणीत बारा वर्षे वीजघर सांभाळले. यंत्र किती किलोवॉटचे, किती व्होल्टचे आणि कुठे बसवणार ते कळवा.

लोभ आहे, तसाच राहू द्यावा.
आकाराम

•

सांगली, ता. ९ नोव्हेंबर १९४६

ती. दाजींस,
नाथाजीचा शि. सा. न. वि. वि.

विजू सुखरूप आहे. मिरजेला गाडी बदलताना दमली, पण घरी येताच मामीशी चटणीच्या तिखटावरून भांडली, म्हणजे बरी आहे.

यंत्र अमेरिकन, तीन किलोवॉटचे, ११० व्होल्टचे आहे. आपले दिवे २३० चे, म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर. आवाजाने लेकरे उठतील म्हणून यंत्र विहिरीपलीकडे, दीडशे फुटांवर ठेवतो. ट्रान्सफॉर्मर महागाचा, तो इमारतीत कुलपात ठेवावा म्हणतो. तार कोणती घेऊ? सूतिकागृह माझ्या देखरेखीखाली आहे. अंधार पडला तर लोक मलाच धरतील, आणि यंदा घरचीच पोर आत असणार.

लीलाने स्टेशनवर आक्काचे एक जुने लुगडे मागितले होते, बाळाला गुंडाळायला. तुम्ही पाठवतो म्हणालात. ती आठवण करायला सांगते आहे.

आपला बालक,
नाथाजी

•

सातारा, ता. १४ नोव्हेंबर १९४६

रा. रा. नाथाजी यांस,
सा. न. वि. वि.

ट्रान्सफॉर्मर कुलपात ठेवू नका, यंत्राशेजारीच शेड घालून ठेवा. ११० व्होल्टवर तीन किलोवॉट म्हणजे सत्तावीस अँपिअर. तो भार दीडशे फूट नेलात तर वाटेतच दाब गळेल आणि दिवे मिणमिणतील. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे तोच भार तेराच अँपिअर राहतो. म्हणून यंत्र ते ट्रान्सफॉर्मर जाड तार, हात-दोन हात लांबीची. पुढची लांब तार त्याहून बारीक चालेल.

यंत्रावरचा ब्रेकर तीस अँपिअरला पडून वीज तोडेल असा ठेवा. इमारतीतल्या फ्यूजांचे तुम्हाला कळतेच. यंत्र चालवून बघा आणि कळवा.

इकडे थंडी पडली आहे. उसाला पाणी चालू आहे.

आकाराम

•

सांगली, ता. २६ नोव्हेंबर १९४६

ती. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

काल चाचणी घेतली. दिवे लख्ख लागले. सूतिकागृहाच्या मंडळाचे लालासाहेब बघायला आले होते, पेढेही आणले होते. तेवढ्यात आमच्या बनाबाई दाईने स्वयंपाकघरात पाण्यासाठी विजेची शेगडी लावली आणि साऱ्या इमारतीत अंधार झाला. लालासाहेब पेढा हातात धरून उभे. बनाबाईला विचारले तर म्हणते, लाइट गेली तर जाऊ द्या, पाणी तापलंय न्हवं?

फ्यूजांत मी सगळीकडे पंधरा अँपिअरची सारखीच तार घातली होती. एका खोलीला जाड, दुसरीला बारीक असा दुजाभाव नको, आणि सारखे फ्यूज बदलायलाही नकोत. चुकले का?

विजूचे दिवस भरत आले. लुगड्याचे आपण काही लिहिले नाहीत.

नाथाजी

•

सातारा, ता. ३० नोव्हेंबर १९४६

रा. रा. नाथाजी यांस,
सा. न. वि. वि.

पंगतीत सगळ्यांना सारखे वाढावे, फ्यूजांना नव्हे. खालचा आणि वरचा सारखाच असला तर शेगडीचा गुन्हा थेट मालकापर्यंत जातो आणि सारे घर अंधारात बसते. जिथले भांडण तिथेच मिटले पाहिजे. स्वयंपाकघराला पाच अँपिअरची तार घाला, खोल्यांनाही पाचाचीच. मूळच्या फ्यूजला पंधरा. बनाबाई शेगडी लावील तेव्हा तिचाच दिवा जाईल.

बाळंतिणीच्या खोलीची लाइन वेगळी काढा, थेट ट्रान्सफॉर्मरपासून, तिला तिचा स्वतःचा फ्यूज. तिच्यावर दुसरे काही जोडू नका. कुणी कितीही मोठा माणूस सांगो, पंखासुद्धा नाही. एवढे झाल्याचे मला उलटटपाली कळवा.

आकाराम

•

सांगली, ता. १६ डिसेंबर १९४६

ती. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

तार मिळालीच असेल. मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत.

मी उलटटपाली कळवल्याप्रमाणे लाइन वेगळी काढलीच होती. परवा संध्याकाळी विजू आत गेली आणि तासाभरात गावची वीज गेली. मी यंत्र चालू केले. बनाबाईने सवयीने शेगडी लावली, स्वयंपाकघर अंधारले. बाहेर आली आणि म्हणाली, दाजींनी मलाच धरलंय व्हय. बाळंतिणीच्या खोलीतला दिवा जरासुद्धा हलला नाही. मी दाराबाहेर उभा राहून फटीतल्या उजेडाकडे बघत होतो.

पोरीचे कान थेट आक्काचे आहेत. लीलाने आपले जुने पातळ पुढे केले. विजू नको म्हणाली. बाळ अजून दवाखान्याच्याच पंच्यात आहे. दाजी, विजूने एवढेच लिहायला सांगितले आहे: “आबांना म्हणावं, जमत नसेल तर राहू दे. पण तुम्ही तरी या.”

नाथाजी

•

सातारा, ता. १९ डिसेंबर १९४६

रा. रा. नाथाजी यांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचले. दिवा हलला नाही हे वाचून बरे वाटले. ब्रेकरमध्ये धूळ बसते, महिन्याने एकदा हाताने पाडून परत चढवत जा.

आज सकाळी ट्रंक उघडली. भरजरी लुगडी वर होती, ती बाजूला ठेवली. रोजच्या नेसणीतले निळे इरकली काढले. ते फार मऊ झाले आहे. धुवायचे माझ्या मनात नव्हते. पण डांबराच्या गोळ्यांचा वास बाळाला सोसणार नाही, म्हणून विहिरीवर नेऊन धुतले.

बारशाला येतो. विजूला सांगा.

तुमची आक्का नाही म्हणून नाते सैल होऊ नये, एवढेच मागणे.

आकाराम

ता. क. लुगडे अंगणात दोरीवर आहे. अंग वाळले, काठ ओले आहेत. उन्हाची बाजू बदलली की उलटे करतो.