नव्या डोळ्याची वजावट

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे बडोद्याला! नवरोबांना, म्हणजे निहारला, कोयलीच्या रिफायनरीत शिफ्टची नोकरी, आणि मलाही आल्या आल्या काम मिळालं. वरच्या मजल्यावरच्या अहल्याबाई निवृत्त प्राध्यापिका. एका दूरच्या दीर्घिकेच्या केंद्राचा उजेड त्या तीस वर्षं मोजताहेत. तिथलं कृष्णविवर काही गिळायला लागलं की केंद्र उजळतं, उपाशी असलं की मंदावतं. दुर्बिणीची चित्रं सकाळी संगणकावर उघडायची, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून उजेडाचा आकडा द्यायचा. अट एकच, एका वेळी डोळा एकाच माणसाचा. मी म्हटलं, माझे दोन आहेत, चालतील ना? बाई हसल्या नाहीत.

१९ नोव्हेंबर
केंद्र उजळतंय! मी हुरळले, पण बाईंनी उत्साहावर पाणी ओतलं. म्हणाल्या, नवा माणूस नेहमीच जास्त वाचतो. तेवढं आपण वजा करतो.
हल्ली फार दमायला होतं. चहा टाकायचाही कंटाळा येतो. निहारच्या मते घर लावल्याचा शीण, उतरेल.

११ डिसेंबर
उतरत नाही. रक्त तपासलं, सगळं ठीक. आज जिन्यात मध्येच बसले. शेजारच्या पद्माबेननी हात दिला. म्हणाल्या, सलीलभाईपण असाच बसायचा हं, याच पायरीवर. सलील माझ्या आधी बाईंकडे होता. आता कुठे असतो, विचारलं. घरीच, म्हणाल्या, बिछान्यावर. उठतच नाही बिचारा, डॉक्टरलापण समज नाही पडत.

२० डिसेंबर
बाई बाजारात गेल्या तेव्हा वजावट न करता आलेख काढून पाहिला. सपाट रेषेवर उंचवटे आले. सलीलच्या आधीचा धवल कामाला आला, उजेड चढला. धवलने अंथरूण धरलं, उतरला. मग सलील. शेवटचा माझा, अजून चढतोच आहे.
हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता. त्याला माझी खबर कशी? मला भीती वाटते.

२२ डिसेंबर
काम सोडलं. बाई रागावल्या नाहीत. दुसरा डोळा बघू, म्हणाल्या.

३० डिसेंबर
बरं वाटतंय. आज पुरणपोळ्या केल्या. निहार जेवता जेवता पेंगला. जास्तीची ड्यूटी केली का, विचारलं. नाही म्हणाला. रात्रपाळीहून आला की तासभर बाईंकडे बसतो — त्यांची अडचण बघवेना — मला सांगणारच होता —

२ जानेवारी
सगळं सांगितलं. हसला. हसता हसताच डोळे मिटले. कारखान्यात असा पेंगला तर —
बाईंच्या पाया पडले. बंद करा म्हटलं. तीस वर्षांच्या नोंदींची मालिका तोडता येत नाही, म्हणाल्या. डोळा बदलता येतो.

५ जानेवारी
निहार झोपलाय. वर गेले होते. आजपासून डोळा माझाच. त्याचा नको — एका वेळी एकच, त्यांचीच अट.
आकडा आजवरचा सर्वांत मोठा. बाईंनी शांतपणे वजा केला.

वही घेऊन त्याच पायरीवर बसलेय. पुढे उतरवत नाही. निहार उठला. खालून हाक मारतोय — किती ताजा आवाज! चहा टाकू का, विचारतोय. हो म्हणायचंय, पण तेवढंही —