यादीतून खोडलेलं नाव

टीनेक, न्यू जर्सी
रविवार, १८ जानेवारी

प्रिय शिफ्रामामी,

कशी आहेस? इकडे थंडीने जीव नकोसा केलाय, बाकी सगळे मजेत. मजेत हे उगाच लिहिलं. आई गुरुवारपासून माझ्याशी बोलत नाही.

शाळेच्या पत्रकात माझा फोटो आलाय. हातात फलक, नाक लालबुंद, मागे त्या दातांच्या डॉक्टरचं घर. त्याने सहा वर्षं बायकोला सोडचिठ्ठी दिली नव्हती. अशा बायकांसाठी काढलेल्या आमच्या शाळेच्या क्लबची चाळीस पोरं-पोरी तीन रविवार त्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा कुठे रब्बींसमोर त्याने मुकाट्याने तिच्या हातात तो कागद ठेवला. मी अध्यक्ष, म्हणून नेतृत्वाचं बक्षीस मला. कॉलेजच्या अर्जातला निबंधही त्यावरच. आवाज नसलेल्या बायकांचा आवाज वगैरे. आता तो वाचणं मला सहन होत नाही.

सप्टेंबरात तू फोन केला होतास. किती संकोचत बोलत होतीस. कोर्टात तुमचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली, पण झेवमामा धर्माची सोडचिठ्ठी हातात देत नाही तोवर तुला दुसरं लग्न करता येत नाही. तुझ्याशी लग्न करायला हिलेल थांबलाय, पण किती थांबेल? तुमच्या क्लबला सांगशील का, म्हणालीस. मी म्हणाले, "मामी, माझ्या एकटीच्या हातात नसतं गं. सगळ्यांचं मत घेतात."

मत घेतलंच नाही, मामी.

ऑक्टोबरात सोडचिठ्ठी अडवून धरणाऱ्या नवऱ्यांची यादी आली. आमची चिटणीस शोशी नावं वाचत होती. मामाचं आडनाव वेगळं, त्यामुळे तो माझा कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं नाव आलं आणि मी अगदी अध्यक्षीणबाई होऊन म्हणाले, "याच्याशी बोलणी चालू आहेत. राहू दे." शोशीने नाव खोडलं. कसली बोलणी न् कसलं काय! मामा दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येतो, मला गाडी शिकवतो, आणि तुझा विषय निघाला की ताटात बघत बसतो.

घरातलं चव्हाट्यावर नको, असं आई नेहमी म्हणते. पण तिच्यावर ढकलत नाही. तिने मला काही सांगितलं नव्हतं. हिचाच मामा, असं पोरं म्हणतील याची मला लाज वाटली. एवढंच कारण. ती लाज आता कुठल्या कुठे गेली आणि ही दुसरी येऊन बसली आहे.

गेल्या रविवारी भांडी विसळता विसळता आई म्हणाली, हिलेलने दुसरीकडे लग्न ठरवलं. मला तुझं ते आठवलं. सब्बाथच्या पावाची सहापदरी वेणी घालायला शिकवताना म्हणाली होतीस, माझ्या मुलीला पुढे हे तूच शिकव. तू एकेचाळीस वर्षांची आहेस, मामी.

गुरुवारी क्लबमध्ये उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मामाचं नाव फळ्यावर मीच लिहिलं. शोशी म्हणाली, आण, मी लिहिते. मी खडू दिला नाही. कुणी रागावलं नाही. शोशीने फक्त विचारलं, "तीन महिने, पेनिना?" अध्यक्ष आता ती आहे. बक्षीस मी परत केलं. निबंधाबद्दल कॉलेजांना लिहायचं अजून धाडस होत नाही.

येत्या रविवारी अकराला आम्ही मामाच्या दारात उभे राहणार. तू मागे राहा, तोंड झाक, असं मुलींनी मला सुचवलं. मी पुढे राहणार आहे. भीती वाटते. तो दार उघडेल तेव्हा त्याच्याकडे बघायचं कसं, कळत नाही.

हिलेल आता परत येणार नाही, हे मला कळतं. माफी पत्रातून मागायची नसते, समोर जाऊन मागायची, हे तूच शिकवलंस. सोडचिठ्ठी तुझ्या हातात पडली की तुझ्याकडे क्लीव्हलंडला येईन. तू दार उघडलं नाहीस तरी चालेल. दारात उभं राहायची मला सवय आहे.

रविवारी फलकावर जे लिहिणार, तेच इथे खाली लिहिते.

झेव ब्राउनर यांची भाची,
पेनिना