चाळीस पिशव्या अळंबी आणि सहा पेट्या हापूस

किहीम, ९ मे

ती. बापूमामांस,

नूतनचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? मामी देतात ते तेल लावत असाल तर बरे असतील, लावत नसाल तर नसतील. इकडे बाकी सगळे मजेत आहेत, मी तेवढी धुमसते आहे. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहायला बसले.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मागच्या पडवीलगतच्या खोलीत अळंबी लावली, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही तिला कुत्र्याची छत्री म्हणालात, तेही मी विसरलेले नाही.) भाताचा पेंढा उकळायचा, निथळायचा, त्यात अळंबीचं बियाणं घालून प्लॅस्टिकच्या पिशव्या भरायच्या आणि अंधारात टांगून ठेवायच्या. काम एवढंच, पण तिला गारवा लागतो, आणि यंदाचा मे कसा आहे ते मी मुरुडात राहणाऱ्या माणसाला काय सांगू. चाळीस पिशव्यांसाठी मी कौलांवर झावळ्या पसरल्या, भिंतींना चुना दिला, खिडक्यांना ओली गोणपाटं बांधली, एसी बसवला. एसीने हवा कोरडी पडते म्हणून दिवसातून पाचदा फवारा मारला. वीज गेली की बर्फाच्या लाद्या आणून ठेवल्या (त्या कोळीवाड्यातल्या, त्यामुळे आठवडाभर खोलीला बांगड्याचा वास). मला घामोळं आलं, पण पिशव्या पंचवीस अंशांच्या वर जाऊ दिल्या नाहीत. घरात गार अशी तेवढीच जागा, तेव्हा सुट्टीला आलेल्या किशोरीवन्सं दुपारी तिथेच चटई टाकायच्या. एक माणूस तासभर घोरलं की खोली एका अंशाने चढते, हे मी मोजून पाहिलं आहे.

आमच्या ह्यांचा जीव मात्र त्या खोलीत वेगळ्याच कारणाने अडकलाय. त्यांना ती पर्यटकांना द्यायची आहे. "समुद्रापासून पाच मिनिटं, गार व शांत" अशी पाटीसुद्धा रंगवून कपाटामागे उभी केली आहे. शेवटी ठरलं असं, की ३१ मेच्या आत ह्या खोलीतला माल काशीदच्या परेशच्या हॉटेलात गेला तर खोली कायमची माझी. नाही गेला तर दारावर पाटी.

तर सतराव्या दिवशी पिशव्या आतून पांढऱ्याशुभ्र झाल्या. (ते पांढरं पसरलं की पाचसात दिवसांत अळंबी फुटते.) मी निर्धास्त मनाने दोन दिवस पेणला भाचीच्या डोहाळजेवणाला गेले, आणि नेमक्या तेव्हाच तुमच्या सहा पेट्या येऊन थडकल्या. कच्चे हापूस, वर चिठ्ठी: "पेंढ्यात घाला, खोली बंद ठेवा, ऊब राहू द्या." कुठला पेंढा, कुठली खोली, काही नाही. मामा, तुम्ही जन्मभर तलाठी होतात. सर्व्हे नंबर पाहिल्याशिवाय कधी सही केली नाहीत, आणि माझ्या घरात हा मोघम कारभार?

चिठ्ठी ह्यांनी मोठ्याने वाचली आणि तीस वर्षं आमची वाडी सांभाळणाऱ्या येसूबाईने ती तंतोतंत पाळली. पिशव्या फाडल्या. पेंढा पांढरा दिसला म्हणून अंगणात नेऊन उन्हात झटकला. मग खोलीभर अंथरून त्यात तुमचे आंबे ओळीने निजवले, वर माझीच गोणपाटं वाळवून घातली आणि एसी बंद केला. सतरा दिवस जी खोली मी थंड ठेवली, ती तिने दोन तासांत पद्धतशीर तापवली. हे दाराशी उभे राहून पेट्या आत देत होते. ह्यांच्या लक्षात आलं नाही म्हणे. सतरा दिवस जेवताना मी दुसरा विषय काढला नव्हता.

परत येऊन पाहते तर खोलीत छत्तीस अंश. येसूबाईला म्हटलं, हे काय केलंस? ती शांतपणे म्हणाली, "पेंढा हाय, अंधार हाय, दार घट्ट हाय. आढी न्हाय तं काय देवघर हाय? आनि बाय, तुमच्या पेंढ्याला बुरशी लागली व्हती, ती पन काढली."

मला रडू आलं, मामा. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, पडवीच्या पायरीवर बसून चक्क रडले. आयुष्यात पहिल्यांदा एक खोली माझी एकटीची होती. हे जवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पाटी काढू का?"

तेव्हा स्पष्टच लिहिते. यापुढे ह्या घरात तुमचा एकही कच्चा आंबा येता कामा नये. मामींना नमस्कार. त्यांचा ह्यात काही दोष नाही.

तुमची (अजूनही) भाची,
नूतन

ता. क. (१९ मे): वरचं पत्र रागात पोस्टात टाकायचं राहून गेलं. काल परेश अळंबी न्यायला आला. लाजेकाजेस्तव त्याच्यापुढे तुमचा आंबा कापून ठेवला. एकाही फळावर डाग नाही, आत केशरी रंग. तीन खाल्ले आणि विचारलं, आढी कोणी लावली? मी म्हटलं, मी. (येसूबाई दाराशीच होती. ती फक्त खाकरली.) उरलेले सगळे तो काशीदला घेऊन गेला, आणि पाऊस लागेपर्यंत दर आठवड्याला हवेत म्हणाला. म्हणजे खोलीतून माल गेला, खोली माझी. हे पत्र देणारा सदा टेम्पो घेऊनच आला आहे. त्याला रिकामा पाठवू नका, निदान वीस पेट्या भरा. कच्चेच.

ता. क. दुसरा: दारामागची एक पिशवी येसूबाईच्या नजरेतून सुटली होती. तिला आज चार कळ्या फुटल्या. आढीला एसी नको, म्हणून तो काढून आमच्या झोपायच्या खोलीत बसवला आणि पिशवी तिथे पलंगावर टांगली. ह्यांना ओलावा सोसत नाही, त्यामुळे ह्यांची चटई ओटीवर गेली. पाटी मी त्यांच्या डोक्याशी लावून दिली आहे.